दगड, खनिजं आणि पृथ्वीचा इतिहास: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भूशास्त्र नव्याने वाचायला घेतलं की जे प्रश्न हमखास पडतात ते इथे एका जागी आणलेत. उत्तरं देताना एक गोष्ट जमेल तिथे पाळली आहे, नुसतं "असं असतं" म्हणून सोडून न देता ते कशावरून कळलं हेही सांगायचं, कारण माझ्या मते या विषयाची खरी मजा तिथेच आहे. कोणीही चारशे कोटी वर्षांपूर्वी जाऊन आलेलं नाही, जे काही माहीत आहे ते दगडाकडे नीट बघून.

दगड आणि खनिज एकच ना?

नाही. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ज्याचं रासायनिक सूत्र ठरलेलं असतं (थोडंफार मागेपुढे चालतं) आणि ज्यातले अणू ठराविक रचनेत बसलेले असतात. खडक म्हणजे अशी खनिजं एकत्र येऊन बनलेली वस्तू, त्यात कधी तीन-चार प्रकारची खनिजं असतात, कधी एकाच खनिजाचे लाखो कण.

ग्रॅनाइटचा ताजा फोडलेला तुकडा उन्हात धरा आणि भिंगातून बघा म्हणजे हे लगेच कळेल. राखाडी, काचेसारखे दिसणारे आणि वेडेवाकडे फुटलेले कण म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. पांढरे किंवा गुलाबी कण दिसतील, तुकडा हळूहळू फिरवला की त्यांची सपाट बाजू एका ठराविक कोनात एकदम चमकते आणि पुढच्या क्षणी विझते, तो फेल्डस्पार. काळे चकचकीत, सुईने उचकटलं तर पातळ पापुद्रे निघणारे ते अभ्रक. एक खडक, तीन खनिजं. आणि ती चमक शोभेची नाही बरं का, फेल्डस्पार ठराविक पातळ्यांवरच फुटतो म्हणून सपाट बाजू मिळते, क्वार्ट्झमध्ये अशी कमकुवत पातळीच नसते म्हणून तो कसाही फुटतो. म्हणजे आतले अणू कसे बसलेत हे तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघताय.

बर्फ, कोळसा, काच, यातलं खनिज कोण?

नैसर्गिक बर्फ हे खनिज आहे, फ्रीजमधला नाही कारण तो माणसाने बनवला. कोळसा खनिज नाही, तो वनस्पतींपासून झाला आणि त्याला स्फटिकरचना नाही, पण त्याला खडक म्हणतात. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच, तिच्यातले अणू अस्ताव्यस्त असतात त्यामुळे तीही खनिज नाही, खडक मात्र आहे.

एकूण खनिजं किती? सगळी पाठ करायची का?

मान्यता मिळालेली खनिजं साधारण ६,००० आहेत, पण घाबरू नका, भूकवचाचा बहुतेक भाग मोजक्या डझनभर खनिजांनीच बनलाय. कवचात वजनाने जवळपास ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे, त्यामुळे या दोघांपासून बनलेली सिलिकेट खनिजंच सगळीकडे दिसतात. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक, ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, अँफिबोल, कॅल्साइट आणि मातीची खनिजं एवढी ओळखता आली की सुरुवातीला भरपूर झालं.

हातातलं खनिज ओळखायचं कसं? रंगावरून कळत नाही का?

रंग हा सगळ्यात फसवा पुरावा. क्वार्ट्झ पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट, काहीही असू शकतो, कारण अगदी किंचित भेसळीने रंग बदलतो. त्यापेक्षा कस बघा, म्हणजे खनिज खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासून पडलेल्या पुडीचा रंग. हेमेटाइट वरून काळपट, चंदेरी कसंही दिसो, त्याचा कस लालसर तपकिरीच येतो. पायराइट सोन्यासारखा पिवळा दिसतो पण कस हिरवट काळा येतो, सोन्याचा पिवळाच.

दुसरी परीक्षा कठीणपणाची. फ्रीडरिश मोह्सने १८१२ मध्ये दहा खनिजांची शिडी लावली, १ ला शंखजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, अ‍ॅपटाइट, ऑर्थोक्लेज, ७ ला क्वार्ट्झ, पुष्कराज, ९ ला कुरुंद आणि १० ला हिरा. वरचा खालच्याला ओरखडा पाडतो. नख साधारण २.५, काच साधारण ५.५, एवढ्यावर बरंच भागतं. हे आकडे फक्त क्रम सांगतात हे लक्षात ठेवा, हिरा कुरुंदापेक्षा "एकाने" कठीण नाही, प्रत्यक्ष मोजलं तर कित्येक पट कठीण आहे.

यात नवे लोक हटकून फसतात ती जागा सांगतो. काचेवर खनिज घासलं, पांढरी रेघ दिसली, की लगेच "काचेला ओरखडा पडला" असं लिहून मोकळे होतात. ओल्या बोटाने ती रेघ पुसून बघा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हता, खनिजाचीच पूड होती, म्हणजे काच जास्त कठीण. रेघ राहिली आणि नखाला खाच लागली तरच खरा ओरखडा.

अ‍ॅसिडचा थेंब कशासाठी टाकतात?

कॅल्साइट ओळखायला. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब पडला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे येतात, क्वार्ट्झवर काहीच होत नाही. डोलोमाइट आधी खरवडून पूड केली तरच नीट फसफसतो. डोळ्यांना चष्मा हवा, आणि हे जाणकार माणूस सोबत असतानाच करा.

ग्रॅनाइटचे कण मोठे आणि बेसाल्ट बारीक का?

दोन्ही अग्निजन्य, म्हणजे वितळलेला खडक गोठून झालेले, फरक थंड होण्याच्या वेगाचा. जमिनीखाली खोलवर अडकलेला शिलारस सावकाश थंड होतो, हजारो-लाखो वर्षं घेतो, अणूंना जागेवर बसायला वेळ मिळतो आणि स्फटिक मोठे वाढतात. तोच लाव्हा बनून वर आला की पटकन गोठतो, स्फटिक इतके बारीक राहतात की साध्या डोळ्याला दिसत नाहीत, आणि अगदीच झटकन गोठला तर काच. कधीकधी एकाच दगडात मोठे स्फटिक बारीक दाण्यांमध्ये रुतलेले असतात, म्हणजे आधी खाली सावकाश गार होणं सुरू झालं आणि मग उरलेला रस अचानक वर आला. हे समजलं की दगड बघायची नजरच बदलते.

पण फरक फक्त वेगाचा नाही, घटकांचाही आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त, बेसाल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून बेसाल्ट काळा आणि जड. समुद्राचा तळ मुख्यतः बेसाल्टचा, खंडांचा वरचा भाग सरासरीने ग्रॅनाइटच्या जवळपासचा. बेसाल्टमधले षटकोनी खांब बघून लोकांना ते कोरीव काम वाटतं, खरं तर लाव्हा थंड होताना आकसतो आणि भेगा पडत खाली उतरतात, आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला असे जवळपास ४०,००० खांब आहेत.

पृथ्वीच्या आत सगळा लाव्हाच आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पक्का बसलाय की हे जरा सविस्तर सांगतो. भूकवचाखालचं प्रावरण जवळपास २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते घन खडकाचं आहे. तापमान प्रचंड, पण दाबही प्रचंड, आणि दाब वाढला की खडकाचा वितळण्याचा बिंदूही वर सरकतो. घन असूनही ते लाखो वर्षांत वाहतं, हिमनदीतला बर्फ घन असून वाहतो तसंच. खरोखर द्रव आहे तो बाह्य गाभा, लोह-निकेलचा, साधारण २,९०० ते ५,१५० किलोमीटर खोलीवर, आणि त्याच्या हालचालीतून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याच्या आत पुन्हा घन आंतरगाभा.

मग शिलारस येतो कुठून? मुख्यतः दोन वाटा. समुद्रमध्य पर्वतरांगांखाली गरम प्रावरण वर चढतं, दाब कमी होतो आणि थोडासा भाग वितळतो, म्हणजे उष्णता न वाढवता नुसता दाब उतरून वितळणं. दुसरी वाट म्हणजे जिथे एक प्लेट (पृथ्वीच्या कडक बाहेरच्या थराचा सरकणारा मोठा तुकडा) दुसरीखाली घुसते तिथे ती सोबत पाणी घेऊन जाते, ते पाणी वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं. पॅसिफिकच्या भोवतीची ज्वालामुखींची माळ बहुतेक या दुसऱ्या कारणाने. हवाईसारखी बेटं प्लेटच्या कडेला नाहीत, मधोमध आहेत, तिथे खालून गरम खडकाचा झोत येतो असं मानतात.

आत कोणी गेलंच नाही तर हे सगळं कळलं कसं?

खोदून तर नाहीच. रशियातलं कोला इथलं छिद्र १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत गेलं, तिथे तापमान १८० अंशांवर निघालं आणि पुढे खोदणं जमेना. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे आपण पाव टक्कासुद्धा आत गेलो नाही.

कळलं भूकंपांमुळे. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या आरपार जातात आणि वाटेत काय लागलं त्यावर वेग आणि दिशा बदलतात. १९०९ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिचला लाटांचा वेग थोड्या खोलीवर एकदम वाढलेला दिसला, ती कवच आणि प्रावरणाची सीमा. त्याआधी १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅमने गाभ्याचा पुरावा मांडला होता, हाच ओल्डहॅम भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता आणि १८९७ च्या आसाम भूकंपाचा त्याचा अभ्यास गाजला. या लाटांचे दोन मुख्य प्रकार, पी आणि एस. एस लाटा द्रवातून जातच नाहीत, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या सरळ पोचत नाहीत, म्हणून मध्ये द्रव थर आहे. पण मग जिथे काहीच यायला नको तिथे काही क्षीण पी लाटा येत होत्या, त्यावरून १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमनने आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे दाखवलं. कागदावरच्या बारीक वळणांवरून ५,००० किलोमीटर खालची वस्तू शोधणं, मला तरी विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी हे एक वाटतं.

गाळाचे खडक कसे तयार होतात, आणि त्यांचं एवढं कौतुक का?

खडक झिजतो, तुकडे पाण्याने, वाऱ्याने किंवा बर्फाने वाहून जातात, कुठेतरी साचतात, वरच्या वजनाने दाबले जातात आणि भूजलातून आलेली सिलिका किंवा कॅल्साइट कणांना चिकटवते. वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा शेल, गोट्यांचा काँग्लोमरेट. चुनखडीचा बराचसा भाग समुद्री जीवांच्या शिंपल्यांपासून येतो.

कौतुक यासाठी की पृथ्वीच्या पृष्ठभागावर काय घडलं ते यांच्यातच लिहिलेलं असतं. कण गोल गुळगुळीत असतील तर लांबचा प्रवास, टोकदार असतील तर उगम जवळच. वालुकाश्मात तिरके थर दिसले तर ते प्रवाहाच्या दिशेने उतरतात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेली नदी कुठे वाहत होती ते होकायंत्र लावून मोजता येतं. सुकलेल्या चिखलाच्या भेगा, लाटांच्या वळ्या, अगदी पावसाच्या थेंबांचे ठसेही टिकतात. आणि जीवाश्म तर बहुतांश यांच्यातच मिळतात.

रूपांतरित खडक म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला खडक का?

नाही, वितळला तर तो अग्निजन्यच झाला. रूपांतरण घन अवस्थेतच होतं, उष्णता आणि दाबाने जुनी खनिजं मोडतात आणि नवी तयार होतात. चुनखडीचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाइट. शेलचा आधी स्लेट होतो, म्हणजे पाटीचा दगड, मग फिलाइट, मग शिस्ट, मग नाइस. स्लेटच्या पाट्या निघतात त्या मूळ गाळाच्या थरांवर निघतीलच असं नाही, दाब ज्या दिशेने आला तिला काटकोनात खनिजं रांगेत बसतात आणि दगड तिथे फुटतो, चांगल्या तुकड्यात जुन्या थरांचे पट्टे पाटीला तिरके कापत गेलेले दिसतात. असा एक तुकडा स्वतः हातात घेऊन बघाच, चित्रात ते कळत नाही.

पुस्तकातलं शिलाचक्र गोल बाणांचं असतं त्यामुळे प्रत्येक खडक ठरलेल्या क्रमानेच जातो असं वाटतं, तसं काही नाही, ग्रॅनाइट झिजून वाळू होऊ शकतो किंवा गाडला जाऊन डायरेक्ट नाइस होऊ शकतो.

खंड सरकतात हे खरंच सिद्ध झालंय का?

हो, आता ते जीपीएसने थेट मोजतात, वर्षाला साधारण २ ते १० सेंटीमीटर, आपली नखं वाढतात जवळपास त्या वेगाने. पण पटायला अर्धशतक लागलं. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये कल्पना मांडली, पुरावे दमदार होते, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेत मेसोसॉरस या गोड्या पाण्याच्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म, ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पानं भारतापासून अंटार्क्टिकापर्यंत, दोन्ही किनाऱ्यांवर जुळणारे खडक. पण सरकवणारी ताकद कुठली हे त्याला सांगता आलं नाही आणि बहुतेकांनी ते उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेत त्याचा मृत्यू झाला, मान्यता त्याने पाहिलीच नाही.

निकाल लागला समुद्राच्या तळाशी. १९५० च्या दशकात मारी थार्पने खोलीचे आकडे कागदावर उतरवताना अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेत एक लांबच लांब दरी शोधली, सुरुवातीला तिच्या सहकाऱ्यालाच ते पटेना. मग १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, शेवटचं साधारण ७.८ लाख वर्षांपूर्वी, आणि बेसाल्ट थंड होताना त्या वेळची दिशा आपल्यात पकडून ठेवतो. मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना हे सुलटे-उलटे पट्टे सारखेच निघाले, म्हणजे मध्ये नवा तळ बनतोय आणि दोन्हीकडे सरकतोय. यावर दुसरं स्पष्टीकरण टिकतच नाही. २० कोटी वर्षांपेक्षा जुना समुद्रतळ जवळजवळ सापडत नाही, कारण जुना तळ पुन्हा खाली जातो.

एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडी आहे आणि तिच्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत. भारताची प्लेट आशियाला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भिडली, मधला समुद्र मिटला आणि त्याचा तळ वर गेला.

७ चा भूकंप आणि ८ चा, फक्त एकाचाच फरक ना?

ऊर्जेत साधारण ३२ पट फरक, आणि ६ आणि ८ मध्ये १,००० पट. मोजलेल्यांपैकी सगळ्यात मोठा चिलीचा, १९६० चा, ९.५. "अमुक तारखेला भूकंप होणार" असं सांगणारे मेसेज पुढे पाठवू नका, कुठल्या भागात धोका जास्त हे सांगता येतं, दिवस आणि वेळ सांगण्याची पद्धत आज कोणाकडेच नाही.

खडकाचं वय कळतं कसं?

दोन प्रकारे. आधी कोण आणि नंतर कोण हे बघायला यंत्र लागत नाही, निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच सांगितलं की थर विस्कटलेले नसतील तर खालचा जुना आणि वरचा नवा. जो भेगेतून घुसून दुसऱ्याला कापतो तो नंतरचा. स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला १७८८ मध्ये जेम्स हटनने जवळपास उभे झालेले थर आणि त्यांच्यावर जवळजवळ आडवे लाल थर बघितले. म्हणजे आधी गाळ साचला, खडक झाला, वाकून उभा झाला, वर आला, झिजून सपाट झाला, आणि मग त्यावर पुन्हा गाळ. यातली एकेक पायरी किती वेळ घेत असेल याचा विचार केला की बायबलवरून काढलेला पृथ्वीच्या वयाचा सहा हजार वर्षांचा तेव्हाचा हिशोब बसूच शकत नव्हता.

आकड्यात वय हवं तर किरणोत्सारी घड्याळ. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, जवळपास ४४७ कोटी वर्षं, शेवटी त्याचं शिसं होतं. झिरकॉन नावाचं खनिज तयार होताना युरेनियमला आत घेतं पण शिशाला जवळजवळ घेतच नाही, म्हणून नंतर त्यात सापडलेलं शिसं युरेनियमपासूनच आलेलं, दोघांचं प्रमाण मोजा आणि वय काढा.

कार्बन डेटिंगने डायनासोरचं वय काढता येतं का?

नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही. डायनासोरच्या हाडांच्या खाली-वर असलेल्या ज्वालामुखी राखेच्या थरांचं वय काढतात.

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, हे पृथ्वीच्या खडकावरून काढलं?

मुख्यतः उल्कांवरून. पृथ्वीवरचे सुरुवातीचे खडक वितळून, गाडले जाऊन संपले. सगळ्यात जुना माहीत असलेला झिरकॉनचा कण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा, जवळपास ४४० कोटी वर्षांचा, आणि कॅनडातला अकास्टा नाइस साधारण ४०० कोटींचा. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये लोह-उल्केतल्या आणि इतर उल्कांतल्या शिशावरून ४५५ कोटी आकडा काढला, आजही तो जवळपास तसाच आहे. मोजताना त्याला बाहेरच्या शिशाची भेसळ सगळीकडे सापडायला लागली, तीच पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्धची त्याची मोठी लढाई झाली.

एवढा इतिहास, त्यातलं आधी काय लक्षात ठेवू?

आधी हे की पृथ्वीच्या इतिहासाचा ८८ टक्के काळ कँब्रियन या कालखंडाच्या आधीचा आहे, पुस्तकात मात्र त्याला दोन पानं मिळतात. जवळपास ३५० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीवांनी रचलेले थर सापडतात. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन टिकायला लागला, त्याच्या आगेमागे समुद्रातलं विरघळलेलं लोह गंजून खाली बसलं आणि आजचे पट्टेदार लोहखनिजाचे प्रचंड साठे त्यातून आले, म्हणजे आपलं बरंचसं पोलाद ही जिवाणूंची कृपा. ५४ कोटींच्या सुमारास कँब्रियन सुरू झाला, प्राण्यांची विविधता झपाट्याने वाढली. २५.२ कोटींना पर्मियनच्या शेवटी सगळ्यात मोठा विनाश, सायबेरियातल्या महाकाय उद्रेकांशी जोडला जाणारा, समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती संपल्या. ६.६ कोटींना डायनासोर गेले, पक्षी सोडून. आपली जात फार तर ३ लाख वर्षांची.

डायनासोर उल्केने गेले की दख्खनच्या ज्वालामुखींनी?

१९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चुनखडीत सेंटीमीटरभर मातीच्या थरात इरिडियमचं प्रमाण अचानक वाढलेलं दाखवलं. इरिडियम भूकवचात अगदी कमी आणि उल्कांत जास्त. पुढे मेक्सिकोत चिक्सुलुबचं जवळपास १८० किलोमीटर रुंद गाडलेलं विवर ओळखलं गेलं, वय जुळलं. दख्खनचे लाव्हे त्याच सुमारास वाहत होते, आजही ते ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेत, आणि त्यांच्या वायूंनी हवामान किती बिघडवलं यावर वाद चालू आहे. बहुतेक संशोधक मुख्य घाव उल्केचा मानतात, मलाही तो पुरावा जास्त भक्कम वाटतो.

पूर्वी वर्षात दिवस जास्त होते म्हणतात, खरं?

खरं. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब जातोय. काही प्रवाळ रोज एक बारीक वळी वाढवतात आणि वर्षाचाही ठसा त्यावर उमटतो, १९६३ मध्ये जॉन वेल्सने डेव्होनियन काळातल्या (साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांवर या वळ्या मोजल्या, वर्षाला साधारण ४०० भरल्या. वर्ष तेवढंच होतं, दिवस जवळपास २२ तासांचा होता.